मशीनवरच्या चार टिकल्या

दिवाळीनंतरचा आठवडा आमच्या धंद्यात तांदूळ काढण्याचा. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी नागपूरचे दुकानदार वही, तराजू आणि गल्ल्याच्या किल्लीबरोबर कार्डाचं स्वाइप मशीनही पाटावर मांडतात. त्याला हळद लागते, कुंकू लागतं, झेंडूचं फूल वाहिलं जातं आणि वरून अक्षता पडतात. त्यातला एखादा दाणा, कार्डाचं टोक घालायची जी फट असते, तिच्यात नेमका शिरतो. मग दुकानं उघडली की फोन सुरू. "भाऊ, मशीन कार्डच घेऊन नाही राहिलं!" मी चिमटा, दात घासायचा जुना ब्रश, स्पिरिटची बाटली आणि अर्धं ब्लेड घेऊन स्कूटरवर निघायचो. दाणा काढून दुकानदाराच्या तळहातावर ठेवायचो आणि म्हणायचो, "घ्या, प्रसाद." हा विनोद मी नोकरीभर केला आणि दरवेळी लोक हसले.

ही गंमत मी अनेक बैठकांत सांगितली आहे. तिच्यातला एक प्रसंग मात्र दरवेळी गाळत आलो.

बेसा भागातल्या व्यापाऱ्यांत एक गोष्ट आजही चवीनं सांगितली जाते. गायधने होजिअरीवाल्या सुशीलाबाईंनी नजर गेलेल्या नवऱ्याला गल्ल्यावरून उठवलं, आतल्या खोलीत बसवलं आणि दुकान स्वतःच्या ताब्यात घेतलं. ही गोष्ट खोटी आहे. ती कुठून निघाली हे मला पक्कं ठाऊक आहे, कारण ती माझ्या तोंडून निघाली. हा दिवाळी अंक त्या भागात दुकानोदुकानी वाचला जातो. म्हणून जे सांगायचं ते इथेच सांगतो.

आधी धंद्याविषयी थोडं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आमची कंपनी बँकांसाठी दुकानांत मशीनं बसवायची. बाहेरच्या माणसाला वाटतं, मशीन म्हणजे मशीन, त्यात निवडायचं काय? बँकेचा माणूसही दुकानदाराशी भाडं किती आणि शेकड्यामागे कपात किती एवढंच बोलतो. तेही विचारावंच. पण मी नव्या दुकानात गेलो की आधी कोपऱ्यात उभा राहून बघत असे. गिऱ्हाईक उभं राहतं की बसतं? पैसे घेणाऱ्याचे हात कोरडे असतात की तेलकट? मोबाइलची रेंज दुकानात कुठपर्यंत येते? रक्कम कोण टाकतो, मालक की नोकर? मशीन दुकानाला जुळतं की नाही हे या गोष्टींवर ठरतं. पायाचं माप न घेता चप्पल घेण्यासारखंच आहे ते.

इतवारीतल्या एका साडीच्या दुकानात माझ्या आधीच्या माणसाने तारेचं मशीन मागच्या गल्ल्यावर बसवून दिलं होतं. साडीच्या दुकानात बायका गादीवर बसतात, आणि एकदा बसलेली बाई पैसे द्यायला उठत नाही, तो तिचा मान असतो. मग नोकर कार्ड घेऊन मागे जायचा आणि तिथून ओरडायचा, "ताई, चार आकडे सांगा!" ताई गादीवरून खणखणीत आवाजात पिन सांगायच्या. सगळं दुकान ऐकायचं. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा कपाळाला हात लावला. शेठजी म्हणाले, "आमचे गिऱ्हाईक घरचे आहेत जी, कोण चोरते?" त्यांना बिनतारी मशीन घ्यायला लावायला माझा एक हंगाम गेला.

कळमेश्वरच्या रस्त्यावरच्या एका ढाबेवाल्याकडे याच्या उलट झालं. त्याला बिनतारी मशीन हवं होतं आणि ते दिलंही, पण पत्र्याखाली रेंज नाही. तो जेवलेल्या गिऱ्हाइकाला अंगणातल्या खाटेवर उभं करायचा. "थोडं उजवीकडं सरका साहेब, हां, आता दाबा!" ड्रायव्हर लोकांना त्याची एवढी मौज वाटायची, की खिशात रोकड असली तरी ते कार्ड काढून खाटेवर चढत.

अशी माणसं बघताना मला कधी कंटाळा आला नाही. माझी नजर बारीक आहे, असा माझा समज होता.

मनोहरराव गायधन्यांचं दुकान बेशात, नव्या इमारतींच्या रांगेखाली. बनियन, मोजे, टॉवेल, रुमाल, लहान मुलांची झबली. मनोहरराव जाड अंगाचे, काळा चष्मा, तिखट जिभेचे. काचबिंदूने नजर कमी झाली आहे, एवढंच आजूबाजूच्यांना ठाऊक होतं, मलाही तेवढंच. गल्ल्यावर ते असे सफाईने बसत की शंका यायची नाही. गिऱ्हाइकाने माप सांगितलं की मागच्या फळीवरून हात न चाचपडता डबा यायचा. सुशीलाबाई आत-बाहेर असायच्या, कपड्यांच्या घड्या घालायच्या.

नोटबंदीनंतर थोड्याच दिवसांनी त्यांनी मला बोलावलं.

"मशीन पाह्यजे," ते म्हणाले. "नव्या नोटा मले पसंत नाही."

"पसंत नाही म्हणजे?"

"मापातच नाही त्या. जुनी नोट बोटात धरली की ओळख देत होती."

मी हसलो. कापडवाल्याचं बोलणं म्हणून सोडून दिलं. तीन मशीनं त्यांच्यापुढे मांडली. त्यांनी एकाचंही भाडं विचारलं नाही. एकेक हातात घेतलं, बटनांवरून अंगठा फिरवला, थांबले, पुन्हा फिरवला. पहिलं खाली ठेवलं, दुसरं ठेवलं. तिसऱ्यावर म्हणाले, "हे. याच्या पाचावर दाणा हाय."

मी वाकून पाहिलं. खरंच, पाच आकड्याच्या बटनावर मोहरीएवढा उंचवटा होता. हिरव्या बटनावर गोल, लालवर फुली. इतकी वर्षं ती मशीनं माझ्या हातातून गेली आणि मला ते कधी दिसलं नव्हतं. मी म्हणालो, "बनियनीची शिवण पाहता तसं मशीन पाहून राहिले तुम्ही."

"सगळं शिवणीतच असते जी," ते म्हणाले. सुशीलाबाई घडी घालता घालता थांबून आमच्याकडे बघत होत्या. का, ते तेव्हा मी स्वतःला विचारलं नाही.

त्यांची पद्धत मला आवडायची. रक्कम स्वतः टाकायची, मशीन गिऱ्हाइकापुढे करायचं आणि म्हणायचं, "वाचा मोठ्यानं, मग पिन टाका. नंतर भांडण नको." मी ही पद्धत इतर दुकानदारांना शिकवायलाही लागलो. रक्कम टाकणारा हात तो मालकाचा हात, हे माझं आवडतं वाक्य त्यांच्यावरूनच सुचलं.

काही वर्षांनी कंपनीने सगळी बटनांची मशीनं परत घेऊन काचेची द्यायला सुरुवात केली. मोबाइलसारखी, बोट लावायची. गायधन्यांकडे गेलो तर मनोहररावांनी नव्या मशीनवरून पूर्ण तळवा फिरवला.

"हे तं बोडखं हाय गा."

"नवीन आहे, भाऊ."

"बटनं कुठं गेले?"

"काचेच्या आत."

"म्हणजे डोळ्यानं दाबायचे," ते म्हणाले. मी मोठ्याने हसलो. त्यांचा विनोद आहे असं समजून हसलो. जुनं मशीन पिशवीत टाकलं आणि पुढच्या दुकानात गेलो. आणखी बरीच दुकानं करायची होती.

त्याच वर्षीच्या दिवाळीनंतर तांदूळ काढत फिरताना मी त्यांच्या दुकानात शिरलो. मनोहरराव डोळ्यांच्या दवाखान्यात गेले होते. सुशीलाबाई गल्ल्यावर होत्या आणि समोर फ्लॅटमधल्या तीन-चार बायका खरेदी करत होत्या. मी मशीन उचललं. त्यावर कुंकवाचं बोट होतंच, पण काचेवर चार बारीक खड्यांच्या टिकल्याही चिकटवलेल्या होत्या. आपल्याकडे बायका आंघोळीआधी कपाळाची टिकली काढून आरशाला लावतात. माझ्या घरचा आरसाही तसाच भरलेला. त्यात पूजा नुकतीच झालेली. मला त्यात दुसरा काही अर्थ असेल असं वाटलंच नाही. मी ब्लेड काढलं.

"भाऊ, ते राहू द्या नं," सुशीलाबाई म्हणाल्या.

"काहून वहिनी, आरसा समजल्या काय मशीनले?"

बायका हसल्या. त्या हसल्या म्हणून मी आणखी रंगात आलो. "बँकेची वस्तू आहे ही. काचेवर काही चिकटवलेलं चालत नाही. पुढच्या वेळी दिसलं तर लिहून द्यावं लागेल, मग मशीनच परत जाईल."

काचेवर काही लावू नये, असा नियम होता. पण तेवढ्यासाठी मशीन परत नेल्याचं मी एकदाही पाहिलं नव्हतं. सुशीलाबाईंनी त्या बायकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. चारही टिकल्या खरवडून मी त्यांच्या तळहातावर ठेवल्या आणि म्हणालो, "घ्या, प्रसाद."

त्यानंतर त्या दुकानात जाणाऱ्याला गल्ल्यावर सुशीलाबाईच दिसू लागल्या. मनोहरराव आधी शेजारी स्टुलावर, मग मागे, मग दिसेनासे. एकदा चौकातल्या चहाच्या टपरीवर व्यापारी मंडळी बसली होती, कोणीतरी विचारलं, "गायधने दिसत नाही आजकाल?" मी कपातला घोट घेऊन म्हणालो, "तिथं आता वहिनीचं राज्य आहे. मशीनवरसुद्धा टिकल्या लावून कब्जा केला त्यांनी!" सगळे हसले. माझा कुणाचं वाईट करायचा हेतू नव्हता, हे खरं. पण चहा संपेपर्यंत त्या वाक्याची गोष्ट झाली होती, आणि पुढच्या महिन्यात ती गोष्ट मलाच एका मेडिकलवाल्याने सांगितली. त्यात 'आंधळा नवरा' आणि 'अंधारी खोली' नव्याने आले होते. मी ऐकून घेतलं आणि मान हलवली.

पुढच्या दिवाळीनंतर पुन्हा गेलो. सुशीलाबाई एकट्याच होत्या. काच स्वच्छ होती. "भाऊ कुठं आहेत?" मी विचारलं. त्यांनी मानेनेच आत दाखवलं.

आतल्या खोलीत दुपार असूनही अंधार होता. मनोहरराव खाली बसून मोज्यांच्या जोड्या लावत होते. ढिगातून एक मोजा घ्यायचे, त्याची रबराची कड दोन बोटांत ओढायचे आणि तसाच दुसरा शोधायचे. मी दिवा लावला. त्यांची मान हलली नाही. चष्मा काढलेला होता. दिवा लागला हेच त्यांना कळलं नव्हतं. तेव्हा मला समजलं. नोटांचं माप, पाचावरचा दाणा, "वाचा मोठ्यानं", सगळं एकदम समजलं.

आवाजावरून त्यांनी मला ओळखलं आणि बसवून घेतलं. माणूस खुशीत आला. नजर कधी गेली, असं मी विचारलं, तर म्हणाले, "मशीन घेतलं तेव्हाही दिसत नव्हतं. कोणाले सांगितलं नाही. आंधळ्याचं दुकान म्हटलं की चांगला माणूसही फाटकी नोट काढते."

"मग काचेचं मशीन कसं चालवलं?"

"ते आमच्या हिचं डोकं!" ते म्हणाले, आणि मला दोन्ही हातांनी समजावू लागले. आधी सुशीलाबाईंनी बरोबर पाचावर साधी टिकली लावून पाहिली. पण काचेला बोट लागलं की आकडा उमटतो. खूण शोधायला बोट टेकवलं की पाच, पुन्हा टेकवलं की पाच. "मोज्याचे पाचशे पंचावन्न!" मग त्यांनी खड्याच्या जाड टिकल्या आणल्या. खड्यावर बोट ठेवलं तर काचेला कळत नाही. त्या पाचाच्या घराच्या चार कोपऱ्यांवर बसवल्या. चार खड्यांच्या मध्ये बोट उतरलं की पाच. वरच्या दोन खड्यांच्या पलीकडे दोन, खालच्यांच्या अलीकडे आठ. मी ऐकतच राहिलो. कंपनीच्या एकाही साहेबाला हे सुचलं नव्हतं. इतका रमलो की शेवटी काय येणार आहे हे विसरलो.

"मग?" मी विचारलं.

"मग काय, मी दवाखान्यात असताना तुमच्यातलाच एक आला अन् खरवडून गेला. म्हणे पुन्हा लावल्या तं मशीन नेतो. कोण होता काय माहीत."

मागे चाहूल लागली. सुशीलाबाई चहा घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांना माहीत होतं कोण होता ते. मनोहररावांना त्यांनी नाव सांगितलेलं नव्हतं.

मी म्हणालो, "नवीन पोरं येतात, भाऊ. त्यांना काय कळते."

सुशीलाबाईंनी माझ्यापुढे चहा ठेवला आणि बाहेर गेल्या. त्या चहाची चव मला आठवत नाही, पण तो मी पूर्ण प्यायलो.

तेव्हाच सांगता आलं असतं. टिकल्या पुन्हा लावा, मी बघून घेतो, एवढं तरी म्हणता आलं असतं. पण तसं म्हटलं असतं तर 'तुम्ही कोण बघणार?' असा प्रश्न आला असता आणि एकातून दुसरं निघालं असतं. मी गप्प बसलो, त्यांच्या गल्लीत जायचंच टाळलं आणि निवृत्त झालो.

यंदा एका दुकानाच्या उद्घाटनाला गेलो होतो. गप्पांत एका तरुण व्यापाऱ्याने, नव्या सुनांनी गल्ल्यावर बसू नये यासाठी उदाहरण म्हणून गायधनेबाईंचं नाव घेतलं. तो पोरगा त्या दुकानात कधी गेलाही नसेल. माझा विनोद आता उदाहरण झाला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बेशाला गेलो.

मनोहरराव आत होते, सुशीलाबाई बाहेर. गल्ल्याशेजारी आता तो बोलका डबाही आला आहे, मोबाइलवरून पैसे आले की रक्कम ओरडून सांगतो. पण कार्डाचं मशीन तेच, काचेचं. मी दोघांना आतल्या खोलीत एकत्र बसवलं आणि सांगितलं. ब्लेड माझं होतं. 'नवीन पोरं' म्हणून खोटं बोललो. चौकात पहिल्यांदा मी बोललो.

मनोहरराव माझ्याकडे वळले नाहीत. मग बायकोकडे तोंड करून म्हणाले, "तुले माहीत होतं वं?"

"होतं."

"अन् लोक तुले काय म्हणतात, तेही?"

"तेही."

"मले सांगितलं काहून नाही?"

"कायले सांगू? या भाऊचं नाव घेतलं असतं तं तुम्ही भांडले असते, अन् हे भाऊ मशीन घेऊन गेले असते. फ्लॅटवाले रोकड आणत नाही. दुकानच बसलं असतं."

"अन् त्या दिवशी? टिकल्या कायच्या हाय, हे सांगता नाही आलं?" हे मी विचारलं.

त्या माझ्याकडे वळल्या. "चार गिऱ्हाईक उभे होते, भाऊ. यायले दिसत नाही, हे मी त्यायच्यासमोर सांगू? यायनं एवढे वर्षं झाकलं ते?"

मी माफी मागायला लागलो, तर मनोहररावांनी हात वर केला. "ते राहू द्या. हे सांगा, तो नियम खरा होता का?"

"होता. पण मशीन कोणी नेलं नसतं."

"मंग टिकल्यांचं पाकीट अन् मशीन आण वं," ते बायकोला म्हणाले. "खड्याच्या आण, साध्या नको."

मी टिकल्या लावायला पुढे झालो, पण माझी पहिलीच टिकली सातावर बसली. "सरका, तुमच्यानं नाही होत," सुशीलाबाई म्हणाल्या, आणि नखाने एकेक टिकली जागच्या जागी बसवली. मनोहररावांनी बोट फिरवलं. इतक्या वर्षांनी पहिल्या खेपेला चुकले, दुसऱ्या खेपेला जमलं. मी म्हणालो, हे सगळं मी दिवाळी अंकात लिहीन, तुमची हरकत नसेल तर. त्यांनी विचार केला. "लिहा. पण चार लिहा. एक लिहाल तं कोणी करून पाहीन अन् पाच-पाच येत राहीन."

तेवढ्यात बाहेरून हाक आली. लहान मुलाला घेऊन एक बाई झबली घ्यायला आल्या होत्या. सुशीलाबाई उठायला लागल्या. "बस," मनोहरराव म्हणाले, आणि मशीन काखेत धरून, भिंतीला हात लावत बाहेर येऊन गल्ल्यावर बसले. काळा चष्मा त्यांनी आतच ठेवला होता. बाईंनी कार्ड काढलं. मशीनकडे बघून हसल्या. "किती छान टिकल्या लावल्या मशीनला! काकूंनी का?"

मी खाली बघितलं. सुशीलाबाई आतल्या दारात थांबल्या होत्या.

मनोहररावांनी चार खड्यांच्या मध्ये बोट टेकवलं, रक्कम टाकली आणि मशीन पुढे सरकवलं.

"हो, तिनंच लावल्या," ते मोठ्याने म्हणाले, शेजारच्या दुकानालाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. "मले दिसत नाही, बाई. वाचून सांगा, किती हाय?"